एका सर्व्हरचे अनेक वाटेकरी: पॉवर सर्व्हरवरच्या पार्टिशनना प्रोसेसर कसा वाटायचा

हिंजवडी आणि खराडीच्या बऱ्याच टीम्स आयबीएम पॉवर सर्व्हर सांभाळतात. एकाच यंत्रावर डेटाबेस, ॲप्लिकेशन, रिपोर्टिंग, टेस्ट असे सगळे वेगवेगळ्या पार्टिशनमध्ये, म्हणजे यंत्राच्या स्वतंत्र भागांत, नांदत असतात. यंत्र मोठं, म्हणून सुरुवातीची दोन वर्षं कुणी वाटणीकडे बघत नाही. मग एका महिनाअखेरीला रात्रीचा बॅच सकाळपर्यंत लांबतो, ॲप्लिकेशनवाले म्हणतात ‘कोअर वाढवा’, आणि यंत्रात मोकळे कोअर (प्रोसेसरमधले प्रत्यक्ष काम करणारे भाग) पडलेले असताना नव्या खरेदीची फाइल तयार व्हायला लागते.

हा लेख त्या फाइलच्या आधी करायच्या कामाचा आहे. उदाहरणं एआयएक्सची, म्हणजे आयबीएमच्या ऑपरेटिंग सिस्टिमची, घेतली आहेत. लिनक्सचं वेगळेपण शेवटी आहे. माझ्या मते बहुतेक ठिकाणी कोअर पुरेसे असतात, फक्त तीन आकडे (त्यांचे अर्थ लगेच पुढे आहेत) एकमेकांत मिसळून भरलेले असतात. एंटायटलमेंट रोजच्या वर्दळीवरून ठरवायचं, व्हर्च्युअल प्रोसेसर गर्दीच्या क्षणावरून आणि वेट कामाच्या महत्त्वावरून. तिन्ही एकाच अंदाजाने भरले की गडबड सुरू होते.

आधी शब्द नीट लावून घेऊ

पार्टिशन दोन प्रकारची. डेडिकेटेडमध्ये अख्खे कोअर एकाच पार्टिशनच्या नावावर जातात. शेअर्डमध्ये सगळे कोअर एका सामाईक पूलमध्ये राहतात आणि पार्टिशनला त्यातला हिस्सा मिळतो. पॉवर४ वर, २००१ साली, फक्त अख्खे कोअरच देता येत होते. कोअरचे तुकडे करायची सोय २००४ मध्ये पॉवर५ सोबत आली. डेडिकेटेड पार्टिशनने आपले रिकामे कोअर तात्पुरते पूलला द्यायचे, ही सोय पॉवर६ पासून आहे. ती चालू ठेवायला सहसा हरकत नसते.

आता शेअर्डमधले आकडे. एंटायटलमेंट म्हणजे हमी: ०.५ असेल तर अर्धा कोअर कधीही मागा, मिळणारच. व्हर्च्युअल प्रोसेसर, म्हणजे आपला व्हीपी, ही पार्टिशनला दिसणाऱ्या कोअरची संख्या. कॅप्ड पार्टिशन हमीच्या वर जात नाही. अनकॅप्ड जाऊ शकतं, पण पूलमध्ये शिल्लक असेल तरच आणि व्हीपी असतील तेवढंच. शिल्लक कमी आणि मागणारे जास्त झाले की वेट निकाल लावतं. हा ० ते २५५ मधला आकडा, मुळात १२८ असतो. अनकॅप्ड ठेवून वेट ० दिलं तर ते पार्टिशन व्यवहारात कॅप्डच.

नवीन मुलांना हे सांगताना मी सोसायटीची टाकी पुढे करतो. टाकीतला तुमच्या फ्लॅटचा हक्काचा वाटा म्हणजे एंटायटलमेंट, आणि घरातले नळ म्हणजे व्हीपी. टाकी भरलेली असली आणि शेजारी गावाला गेलेले असले, तरी दोनच नळ असतील तर दोन नळांएवढंच पाणी येणार. उलट दहा नळ बसवले आणि गुरुवारी पाणी बंद असलं, तर दहाही नळांना धार बारीकच.

दहा मिलिसेकंदांचं चक्र

हायपरवायजर, म्हणजे पार्टिशनना यंत्र वाटून देणारा सॉफ्टवेअरचा थर, वेळेची वाटणी १० मिलिसेकंदांच्या खिडकीत करतो. एंटायटलमेंट ०.५ आणि व्हीपी १ असेल, तर त्या व्हीपीला प्रत्येक खिडकीत ५ मिलिसेकंद प्रत्यक्ष कोअर मिळतो. एंटायटलमेंट ०.८ आणि व्हीपी २ असतील तर प्रत्येकाला ४. कॅप्ड पार्टिशनमध्ये हे ४ संपले की पुढच्या खिडकीपर्यंत थांबा. समजा, या खिडकीत व्हीपीची पाळी सुरुवातीलाच आली आणि पुढच्या खिडकीत अगदी शेवटी. मग मधला खंड ६ अधिक ६, म्हणजे १२ मिलिसेकंदांचा होतो. रात्रीच्या बॅचला त्याचं काही वाटणार नाही. पण एका क्लिकमागे पन्नास छोट्या क्वेरी मारणाऱ्या ॲप्लिकेशनला वाटतं, आणि ‘सीपीयू तर रिकामा दिसतोय, तरी स्क्रीन अडकते’ अशी तक्रार येते ती इथूनच.

न वापरलेली हमी साठत नाही, हेही ध्यानात असू द्या. पार्टिशनला काम नसेल तर वेळ पूलला परत जातो आणि दुसरं कुणीतरी वापरतं. रात्रभर झोपलेल्या डेटाबेसला सकाळी त्याबद्दल जादा काही मिळत नाही.

पायरी १: मोजा, आणि बरोबर दिवशी मोजा

सरासरी आठवडा मोजून भागत नाही. समजा, चाकणच्या एका वाहनभाग कारखान्याची ईआरपी (सगळा कारभार सांभाळणारं सॉफ्टवेअर) तुमच्याकडे आहे. तिची गर्दी महिनाअखेरीला, पगाराच्या दिवशी, २० तारखेच्या जीएसटीआर-३बी च्या आसपास आणि रोज संध्याकाळी ट्रक भरताना चलनं निघतात तेव्हा असते. मापनात हे सगळे दिवस यायलाच हवेत. म्हणजे किमान एक पूर्ण महिना, मधली महिनाअखेर धरून.

साधन म्हणून एनमॉन पुरेसा आहे. दर ६० सेकंदांनी एक नोंद, दिवसाला १४४० नोंदी, आणि रोज मध्यरात्री क्रॉनमधून (ठरल्या वेळी आज्ञा चालवणारी सोय) नवी फाइल. पाच-पाच मिनिटांची सरासरी घेऊ नका, त्यात मिनिट-दोन मिनिटांचं शिखर सपाट होऊन जातं. प्रत्यक्ष गर्दीच्या वेळी सोबत एलपारस्टॅट ही आज्ञा दोन सेकंदांच्या अंतराने चालू ठेवा.

एलपारस्टॅटमध्ये कामाचे रकाने तीन. ‘फिजसी’ म्हणजे प्रत्यक्षात किती कोअर खाल्ले. ‘एंटसी’ म्हणजे ते हमीच्या किती टक्के झाले. ‘ॲप’ म्हणजे पूलमध्ये त्या क्षणी किती कोअर मोकळे होते. हा शेवटचा रकाना मुळात दिसतच नाही. त्यासाठी एचएमसीवर, म्हणजे सर्व्हर सांभाळायच्या कन्सोलवर, त्या पार्टिशनच्या गुणधर्मांत कामगिरीची माहिती गोळा करायची परवानगी द्यावी लागते. पहिल्याच दिवशी ती द्या, कारण ‘ॲप’शिवाय पुढचं निदान अंधारात होतं.

युजर आणि सिस्टिमच्या टक्केवारीवर विसंबून मात्र निर्णय घेऊ नका. शेअर्ड पार्टिशनमध्ये ती टक्केवारी कशाची, हे फिजसी हमीच्या वर आहे की खाली यावर बदलतं. निर्णय फिजसीवर घ्यायचा.

पायरी २: आकड्यांचा चेहरा ओळखा

महिनाअखेरीची रात्र. रिपोर्टिंगच्या पार्टिशनवर एलपारस्टॅट चालू आहे. फिजसीचा रकाना वरून खाली वाचत जा: ३.९७, ३.९९, ४.००, ३.९९, ४.००. शेजारी एंटसी २६६ च्या आसपास, आणि ॲप २.७. फोनवर संवाद चालू असतो:

“सर, सीपीयू फुल्ल आहे. दोन कोअर वाढवायला सांगू का?”

“व्हीपी किती आहेत रे त्याला?”

“चार.”

“आणि ॲप किती दाखवतंय?”

“दोन पॉइंट सात.”

“मग कोअर कशाला मागतोस? नळच चार आहेत.”

फिजसी एखाद्या पूर्णांकाला चिकटून बसला, तो पूर्णांक व्हीपीच्या संख्येइतका असला आणि ॲपमध्ये शिल्लक दिसत असली, तर अडवणारी गोष्ट व्हीपी आहे. ॲप शून्याच्या जवळ गेलं असेल आणि फिजसी वरखाली होत असेल, तर पूल खरोखर आटला आहे. मग प्रश्न वेटचा, नाहीतर यंत्राच्या आकाराचा. फिजसी हमीच्या आकड्यावरच अडकला असेल, म्हणजे एंटसी १०० च्या वर जातच नसेल, तर पार्टिशन कॅप्ड आहे किंवा कुणीतरी वेट ० करून ठेवलं आहे. मागच्या एखाद्या चाचणीसाठी केलेलं असतं आणि परत करायचं राहून गेलेलं असतं.

एक चौथी शक्यता कमी लोक बघतात. फिजसी भरपूर आहे, पण युजर आणि सिस्टिमची बेरीज त्या मानाने कमी. पॉवर८ पासून एका कोअरवर आठ थ्रेड, म्हणजे कामाचे आठ धागे, चालतात. व्हीपीला कोअर मिळाला की बहुतांश अख्खा कोअर फिजसीत मोजला जातो, भले त्यातला एकच थ्रेड कामात असो. पॉवर७ पासून एआयएक्सही काम आधी सगळ्या व्हीपींच्या पहिल्या थ्रेडवर पसरवतं, मग दुसऱ्या थ्रेडकडे वळतं. वेगासाठी हे चांगलं, पण हलक्या कामालाही जास्त कोअर खाल्ल्याचं दिसतं. टेस्टसारख्या पार्टिशनवर स्केड-ओ या आज्ञेतून थ्रूपुट मोड २ किंवा ४ केला, तर एकेका कोअरवर जास्त थ्रेड भरले जातात आणि फिजसी खाली येतो. प्रतिसाद थोडा मंदावतो. प्रॉडक्शन डेटाबेसवर हे करण्याआधी ॲप्लिकेशनच्या लोकांना विश्वासात घ्या.

पायरी ३: आकडे ठरवा

समजा यंत्र १६ कोअरचं आहे आणि वाटणी अशी केली:

दोन व्हीआयओएस (व्हर्च्युअल आय/ओ सर्व्हर): प्रत्येकी एंटायटलमेंट १.०, व्हीपी २, वेट २५५
डेटाबेस: ६.०, व्हीपी ८, वेट १९२
ॲप्लिकेशन: ४.०, व्हीपी ७, वेट १२८
रिपोर्टिंग: १.५, व्हीपी ४, वेट ६४
टेस्ट: १.०, व्हीपी ३, वेट १६
डेव्हलपमेंट: ०.५, व्हीपी २, वेट १६

हमीची बेरीज १५, म्हणजे एक कोअर कुणालाच बांधलेला नाही. व्हीपींची बेरीज २८. ती १६ पेक्षा जास्त आहे आणि असायलाच हवी, कारण सगळ्यांची गर्दी एकाच वेळी होत नाही, याच भरवशावर तर शेअर्ड पूल चालतो.

व्हीआयओएसचं वेट सर्वांत वर का? सगळ्या पार्टिशनचं डिस्क आणि नेटवर्क त्यांच्यातून जातं. व्हीआयओएस प्रोसेसरसाठी ताटकळला तर डेटाबेस आठ कोअर घेऊनही डिस्कची वाट बघत बसतो. इथे काटकसर करू नये.

आता वेट कसं काम करतं ते बघू. महिनाअखेर आहे, डेटाबेस आणि रिपोर्टिंग दोघांनाही आणखी हवं आहे. बाकीची पार्टिशन आपल्या ७.५ च्या हमीतले ५.५ च वापरताहेत. मग शिल्लक झाली १ अधिक २, म्हणजे ३ कोअर. वेट १९२ आणि ६४, म्हणजे प्रमाण ३ ला १. डेटाबेसच्या वाट्याला २.२५, रिपोर्टिंगच्या वाट्याला ०.७५. पण डेटाबेस ६ अधिक २.२५, म्हणजे ८.२५ वर जाऊ शकत नाही, कारण त्याला व्हीपी आठच. तो ८ वर थांबतो, उरलेला पाव कोअर रिपोर्टिंगला जातो आणि रिपोर्टिंग २.५ वर पोचतं. वेट कितीही वाढवा, डेटाबेस ८ च्या पुढे जाणार नाही. हे गणित कागदावर एकदा करून बघितल्याशिवाय वेटला हात लावू नये.

एंटायटलमेंट ठरवताना माझा ठोकताळा असा. प्रॉडक्शनला कामाच्या वेळेत जितका फिजसी सहसा लागतो, तितकी हमी. शिखराइतकी देऊ नका. पण रोज दिवसभर एंटसी १५० दिसत असेल तर हमी कमी पडते आहे, पूलमध्ये कितीही शिल्लक असली तरी. दोन कारणं. एक, ती शिल्लक उधारीची आहे. उद्या शेजारचं पार्टिशन जागं झालं की गेली. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं: हायपरवायजर पार्टिशनला कोअर आणि मेमरी जवळजवळ देताना हमीचा विचार करतो. हमी तुटपुंजी आणि व्हीपी भरमसाठ असले, तर जादा व्हीपी कुठल्याही मोकळ्या कोअरवर टाकले जातात, कदाचित दुसऱ्या सॉकेटवर, म्हणजे दुसऱ्या प्रोसेसरच्या जागेवर. मग मेमरी लांब, कॅश (कोअरजवळची वेगवान मेमरी) थंड, आणि तेवढंच काम करायला जास्त फिजसी.

व्हीपीसाठी: शिखराचा फिजसी, वरच्या पूर्णांकात, हवा तर एक जादा. प्रॉडक्शनमध्ये व्हीपी हमीच्या दुपटीच्या आतच ठेवावेत असं माझं मत आहे. रिपोर्टिंग, टेस्ट आणि डेव्हलपमेंटला ताणले तरी चालतं. तांत्रिक मर्यादा याहून खूप सैल आहे: पॉवर७+ पासून एका व्हीपीमागे किमान ०.०५ कोअर, त्याआधी ०.१० होता. चालतं म्हणून तिथपर्यंत जायचं नसतं.

‘व्हीपी जास्त दिले तर बिघडलं काय, एआयएक्स नको असलेले व्हीपी दुमडून ठेवतंच की’ असंही ऐकू येतं. हे अर्धं खरं आहे. एआयएक्स दर सेकंदाला हिशेब करून रिकामे व्हीपी बाजूला ठेवतं. पण वरच्या सॉफ्टवेअरला मात्र सगळे दिसतात. आठ व्हीपी आणि आठ थ्रेड म्हणजे ६४ लॉजिकल प्रोसेसर. ओरॅकल डेटाबेस सुरू होताना हाच आकडा उचलतो आणि समांतर प्रोसेसची कमाल संख्या त्यावरून ठरवतो. व्हीपी वीस केले तर त्याला १६० दिसतील, आणि एखादी मोठी क्वेरी त्या हिशेबाने फौज उभी करेल. म्हणून व्हीपी बदलताना डीबीएला (डेटाबेस सांभाळणाऱ्याला) आधी कळवा. ओरॅकलमधला सीपीयू काउंट हाताने बांधलेला असेल तर तोही त्याच वेळी तपासायला सांगा.

पायरी ४: प्रोफाइलमधले किमान आणि कमाल

प्रोफाइल म्हणजे एचएमसीवर लिहून ठेवलेली पार्टिशनची मांडणी. त्यात प्रत्येक आकड्याला किमान, इष्ट आणि कमाल अशी तीन घरं असतात. किमान जेवढं लिहिलं तेवढंही यंत्रात मोकळं नसेल तर पार्टिशन सुरूच होत नाही, म्हणून किमान खरोखर किमान ठेवा. कमाल मात्र सढळ ठेवा. चालू पार्टिशनला कमालच्या पुढे नेता येत नाही. त्यासाठी ते बंद करून नव्या प्रोफाइलने उठवावं लागतं, आणि त्याची परवानगी दिवाळीच्या तोंडावर कुणी देत नाही. प्रोसेसरची कमाल वाढवायला जवळजवळ काही किंमत पडत नाही. मेमरीचं तसं नाही. तिची कमाल फुगवली की हायपरवायजर त्या हिशेबाने स्वतःच्या तक्त्यांसाठी जागा अडवतो.

पायरी ५: चालू यंत्रावर बदल

एचएमसीवरून चालू पार्टिशनचे आकडे बदलता येतात. त्यासाठी पार्टिशन आणि एचएमसी यांच्यात आरएमसीचा संवाद चालू हवा: पोर्ट ६५७, टीसीपी आणि यूडीपी दोन्ही, दोन्ही दिशांनी. फायरवॉलच्या टीमने टीसीपीच उघडलेला असतो, हे वारंवार दिसतं. बदलाच्या आदल्या दिवशी एचएमसीवर त्या पार्टिशनचा आरएमसी संवाद ‘ॲक्टिव्ह’ दिसतोय का ते बघून घ्या, रात्री अकराला नको.

क्रम पाळा. हमी कधीच व्हीपीच्या संख्येपेक्षा जास्त असू शकत नाही. म्हणून वाढवताना आधी व्हीपी, मग हमी, किंवा दोन्ही एकाच आज्ञेत. कमी करताना आधी हमी, मग व्हीपी. एका वेळी एकच पार्टिशन, आणि दोन बदलांमध्ये निदान एक गर्दीचा काळ जाऊ द्या, नाहीतर कशाचा परिणाम झाला ते कळत नाही.

आता सर्वांत जास्त फसवणारी गोष्ट. चालू पार्टिशनवर केलेला बदल प्रोफाइलमध्ये आपोआप उतरतोच असं नाही. नुसतं रीबूट केलं तर बदल टिकतो. पण पार्टिशन पूर्ण बंद करून प्रोफाइलवरून सुरू केलं की जुने आकडे परत. सहा महिन्यांनी फर्मवेअर अपडेट होतं, यंत्र बंद होऊन उठतं आणि सोमवारी सकाळी सगळं पुन्हा हळू. एचएमसीवर चालू स्थिती प्रोफाइलमध्ये जतन करा, किंवा प्रोफाइल आपोआप जुळवायचा पर्याय चालू करा. काम संपलं असं तिकिटात लिहायच्या आधी प्रोफाइल उघडून आकडे डोळ्यांनी बघा.

पायरी ६: पूल आणि परवाने

पॉवर६ पासून एका यंत्रावर अनेक शेअर्ड पूल करता येतात, मूळचा धरून ६४ पर्यंत. मूळचा सोडून प्रत्येकाला कमाल कोअर ठरवून देता येतात. याचा खरा उपयोग परवान्यांसाठी. कोअरमागे पैसे लागणाऱ्या सॉफ्टवेअरची चार पार्टिशन एका पूलमध्ये घालून त्या पूलची कमाल ५ केली, तर ती चारही मिळून ५ च्या वर जाणार नाहीत, प्रत्येकाचे व्हीपी कितीही असोत. कोणता विक्रेता ही मर्यादा हिशेबात धरतो ते त्याच्या करारात असतं. तो करार खरेदी विभागाकडून मागवून स्वतः वाचा, विक्रीच्या माणसाच्या तोंडी शब्दावर पूल आखू नका. परवान्यांचा प्रश्न नसेल तर एकच पूल बरा. पूलचे तुकडे केले की एकीकडे शिल्लक आणि दुसरीकडे टंचाई असं व्हायला लागतं.

पायरी ७: जागा तपासा

बरेच बदल झाले, पार्टिशन आली-गेली, की मेमरी आणि कोअर सॉकेटभर विखुरतात. एआयएक्सवर एलएस-एसआरएडी या आज्ञेने कोणती मेमरी कोणत्या प्रोसेसरजवळ आहे ते दिसतं. एखाद्या ओळीत मेमरी आहे पण प्रोसेसर एकही नाही, किंवा उलटं, असं दिसलं तर ते विखुरल्याचं लक्षण. एचएमसीवरून यंत्राचा सध्याचा गुण आणि पुनर्रचनेनंतर अपेक्षित गुण काढता येतो, आणि फरक मोठा असेल तर चालू यंत्रावरच पुनर्रचना करता येते. ती चालू असताना वेग कमी होतो. रविवारी पहाटे करा, बॅकअप संपल्यावर.

लिनक्सची पार्टिशन असतील तर

पॉवरपीसी-यूटिल्सच्या पॅकेजमध्ये तिथेही एलपारस्टॅट मिळतो. टॉप या आज्ञेतला ‘एसटी’, म्हणजे स्टील, हा रकानाही बघायची सवय ठेवा: पार्टिशनला धावायचं होतं पण कोअर मिळाला नाही, असा वेळ त्यात दिसतो. शेअर्ड पार्टिशनमध्ये थोडा स्टील असणारच. गर्दीच्या वेळी तो वाढत जात असेल तर त्याच क्षणी शेजारच्या एआयएक्स पार्टिशनवर ॲप किती आहे ते बघा. ॲपमध्ये भरपूर शिल्लक असेल तर लिनक्स पार्टिशन कॅप्ड आहे का ते आधी तपासा. ॲप शून्याला टेकलं असेल तर हमी आणि वेटकडे वळा. कोअरवरच्या थ्रेडची संख्या तिथे पीपीसी६४-सीपीयू या आज्ञेने चालू यंत्रावर बदलता येते. पण रीबूटनंतर ती टिकवायची असेल तर सुरुवातीच्या सर्व्हिसमध्येही लिहावी लागते.